होमी जहांगीर भाभा

होमी जहांगीर भाभा (जन्म : मुंबई, ३० ऑक्टोबर १९०९; मृत्यू : माँ ब्लाँ, फ्रान्स, २४ जानेवारी १९६६) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ आणि भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे शिल्पकार होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संस्थापक संचालक, अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष आणि केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाचे पहिले सचिव ही पदे त्यांनी भूषविली. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र त्यांच्या नावाने ओळखले जाते.

खनिज तेलासाठी परदेशावर अवलंबून असलेल्या आणि कोळशाचे साठे मुख्यतः पूर्व व मध्य भागात असलेल्या देशाने दीर्घकाळ पुरेल अशी वीज कशापासून निर्माण करावी, या प्रश्नाला भाभांनी दिलेले उत्तर ‘त्रिस्तरीय अणुऊर्जा कार्यक्रम’ म्हणून ओळखले जाते. आजच्या पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे उभारलेले देशातील पहिले अणुविद्युत केंद्र त्यांच्याच कारकिर्दीत मंजूर झाले. मात्र त्या केंद्राची रचना त्यांच्या मूळ कार्यक्रमाहून वेगळी होती.

बालपण आणि शिक्षण

भाभांचा जन्म मुंबईतील सुशिक्षित पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर होरमसजी भाभा हे बॅरिस्टर होते. आईचे नाव मेहेरबाई. आजोबा होरमसजी भाभा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुख होते. होमींची आत्या, त्यांचेही नाव मेहेरबाई, ही उद्योगपती सर दोराबजी टाटा यांची पत्नी. या नात्यामुळे लहानपणी टाटांच्या घरी होमींचे सतत जाणे-येणे असे. पोलादाचा कारखाना आणि सह्याद्रीतील जलविद्युत प्रकल्प यांविषयीच्या चर्चा त्यांच्या कानांवर तेथेच पडल्या.

त्या काळच्या मुंबईत हा विषय दूरचा नव्हता. शहराजवळ कोळशाची एकही खाण नव्हती. गिरण्यांसाठी लागणारा कोळसा बंगाल-बिहारमधून रेल्वेने अथवा समुद्रमार्गे आणावा लागे. त्यावर टाटांनी शोधलेला उपाय म्हणजे घाटमाथ्यावरील पावसाचे पाणी अडवून वीज निर्माण करणे. खोपोली येथील केंद्र १९१५ साली सुरू झाले व पुढे भिवपुरी आणि भिरा येथील केंद्रांची त्यात भर पडली. १९३६ साली उपनगरी रेल्वेचे विद्युतीकरण विरारपर्यंत पोहोचले. मुंबई आणि तिच्या उत्तरेकडील वसई-विरारचा पट्टा असा कोळशाच्या खाणींपासून दूर राहूनही विजेवर चालू लागला.

कॅथीड्रल अँड जॉन कॉनन शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे शिक्षण घेऊन भाभा १९२७ साली केंब्रिज विद्यापीठाच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात दाखल झाले. त्यांनी यंत्रशास्त्र शिकून जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची व दोराबजींची इच्छा होती. होमींचा ओढा मात्र गणित आणि भौतिकशास्त्राकडे होता. यंत्रशास्त्राची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण झाल्यास गणित शिकण्याची मुभा मिळेल, असे वडिलांनी मान्य केले. १९३० साली ही अट पूर्ण करून ते गणिताकडे वळले आणि १९३२ साली त्या विषयाची परीक्षाही त्यांनी प्रथम वर्गात उत्तीर्ण केली.

भौतिकशास्त्रातील संशोधन

केंब्रिजमध्ये संशोधन करीत असताना भाभांनी झुरिच, रोम आणि कोपनहेगन येथेही काम केले. वोल्फगांग पाउली, एन्रिको फर्मी आणि नील्स बोर यांच्याशी त्यांचा तेथे निकटचा परिचय झाला. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या परस्पर विकिरणाचे त्यांनी केलेले गणित ‘भाभा विकिरण’ या नावाने ओळखले जाते. कणत्वरकांवरील प्रयोगांत त्याचा उपयोग आजही केला जातो.

१९३७ साली वॉल्टर हाइटलर यांच्यासमवेत त्यांनी विश्वकिरणांतील कणवर्षावाचा सिद्धान्त मांडला. अवकाशातून येणारा एखादा अतिऊर्जावान इलेक्ट्रॉन वातावरणात शिरल्यावर त्याच्यापासून टप्प्याटप्प्याने असंख्य कण कसे निर्माण होतात, याचे स्पष्टीकरण या सिद्धान्ताने मिळाले. १९४१ साली, वयाच्या ३१व्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९४२ साली त्यांना केंब्रिज विद्यापीठाचे ॲडम्स पारितोषिक मिळाले.

भारतातील पुनरागमन आणि टाटा संस्था

१९३९ साली भाभा सुट्टीसाठी भारतात आले असताना दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि त्यांचे इंग्लंडला परतणे लांबले. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या भौतिकशास्त्र विभागात त्यांनी विश्वकिरणांच्या अभ्यासाचे काम सुरू केले. या काळात भारतातच राहण्याचा त्यांचा निश्चय झाला.

१२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीला पत्र लिहून मूलभूत भौतिकशास्त्राची संस्था स्थापन करण्याचा प्रस्ताव मांडला. हिरोशिमावरील बॉम्बहल्ल्यास तेव्हा वर्षाहून अधिक अवकाश होता. तरीही काही दशकांत अणुशक्तीपासून वीज निर्माण होऊ लागेल आणि त्या वेळी भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, असा विचार या पत्रात होता. १ जून १९४५ रोजी बंगळूरमध्ये संस्थेचे काम सुरू झाले. त्याच वर्षी ती मुंबईत पेडर रोडवरील केनिलवर्थ बंगल्यात आली. कुलाबा येथील तिच्या सध्याच्या इमारतीचे उद्घाटन १९६२ साली पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले.

ऊर्जेचा प्रश्न

स्वातंत्र्याच्या वेळी देशातील खनिज तेलाचे उत्पादन मुख्यतः आसामातील डिगबोई परिसरापुरते मर्यादित होते आणि ते गरजेच्या मानाने अल्प होते. मुंबईतील ट्रॉम्बे येथे १९५४ व १९५५ साली परदेशी कंपन्यांचे दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. त्यांत शुद्ध होणारे तेल आखाती देशांतून जहाजाने येत असे. १९५६ साली तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला. खंबात आणि अंकलेश्वर येथील तेलाचा शोध त्यानंतर लागला. भाभांनी आपल्या योजनेची आखणी केली तेव्हा भारतीय भूमीत फारसे तेल नाही, असेच सर्वसाधारण मत होते.

कोळसा उपलब्ध होता. परंतु त्याचे मोठे साठे बंगाल, बिहार आणि मध्य प्रदेशात होते. पश्चिम आणि दक्षिण भारतातील औष्णिक केंद्रांना तो रेल्वेने शेकडो किलोमीटर वाहून न्यावा लागे. भाभांच्या युक्तिवादाचा एक आधार हे अंतर होते. खाणीच्या तोंडाशी कोळशाची वीज स्वस्त असली, तरी वाहतुकीचा खर्च मिळवल्यास मुंबईसारख्या ठिकाणी अणुवीज तिची बरोबरी करू शकेल, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरा आधार भविष्याचा होता. देशातील प्रत्येक माणसाला औद्योगिक देशांइतकी ऊर्जा मिळावयाची असेल, तर कोळशाचे ज्ञात साठे फार काळ पुरणार नाहीत, असे त्यांचे गणित सांगत होते.

त्रिस्तरीय कार्यक्रम

१० ऑगस्ट १९४८ रोजी अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. ३ ऑगस्ट १९५४ रोजी पंतप्रधानांच्या अखत्यारीत स्वतंत्र अणुऊर्जा विभाग निर्माण करण्यात आला व त्याचे सचिवपदही भाभांकडेच आले. धोरण ठरविणे आणि ते अमलात आणणे या दोन्ही जबाबदाऱ्या अशा रीतीने एकाच व्यक्तीकडे आल्या.

नोव्हेंबर १९५४ मध्ये नवी दिल्ली येथे भरलेल्या परिषदेत त्यांनी आपली दीर्घकालीन योजना मांडली. भारतात युरेनियम कमी आहे, पण केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत थोरियम विपुल आहे, ही वस्तुस्थिती तिच्या मुळाशी होती. सहज काढता येण्याजोगे थोरियम पाच लाख टनांहून अधिक असून युरेनियमचे ज्ञात साठे त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आहेत, असा त्यांचा अंदाज होता. परंतु थोरियमचे विखंडन थेट घडवून आणता येत नाही. आधी अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा मारा करून त्याचे युरेनियम-२३३ मध्ये रूपांतर करावे लागते. यासाठी योजनेचे तीन टप्पे कल्पिले गेले :

पहिला टप्पा : नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या अणुभट्ट्या. त्यांतून वीज मिळते आणि वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढता येते.

दुसरा टप्पा : प्लुटोनियमवर चालणाऱ्या प्रजनक अणुभट्ट्या. त्या जळते त्याहून अधिक इंधन निर्माण करतात आणि थोरियमचे युरेनियम-२३३ मध्ये रूपांतर करतात.

तिसरा टप्पा : थोरियम आणि युरेनियम-२३३ यांवर चालणाऱ्या अणुभट्ट्या.

प्रत्येक टप्प्याचे इंधन आधीच्या टप्प्यातून मिळणार असल्यामुळे कोणताही टप्पा वगळता येत नाही. इंधनस्वातंत्र्याचे आश्वासन देणारी ही योजना त्यामुळेच अनेक दशके चालणारी ठरली.

ट्रॉम्बे

१९५४ साली ट्रॉम्बे येथे अणुऊर्जा संस्थेची उभारणी सुरू झाली. टेकडीच्या एका अंगाला आयात तेल शुद्ध करणारे कारखाने आणि दुसऱ्या अंगाला अणुभट्ट्या, असे चित्र तेथे निर्माण झाले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही भारतात उभारलेली पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. तिचे इंधन ब्रिटनहून आले होते. कॅनडाच्या साहाय्याने उभारलेली ४० मेगावॅट औष्णिक क्षमतेची ‘सायरस’ १९६० साली सुरू झाली. वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढणारा प्रकल्प १९६४ साली सुरू झाला.

दरम्यान, ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगासाठी संयुक्त राष्ट्रांनी भरविलेल्या पहिल्या परिषदेचे अध्यक्षपद भाभांनी भूषविले. अणुसंमीलनापासून नियंत्रित ऊर्जा मिळविण्याचा मार्ग वीस वर्षांत सापडेल, असे भाकीत त्यांनी तेथे केले. ते खरे ठरले नाही.

तारापूरचा निर्णय

मुंबईच्या उत्तरेस सुमारे १०० किलोमीटरवर, तत्कालीन ठाणे जिल्ह्यात, बोईसर रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस तारापूरची किनारपट्टी आहे. कोळशाच्या खाणींपासूनचे अंतर, मुंबई व गुजरात या दोन्हीकडील विजेची मोठी मागणी आणि यंत्रे थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी या कारणांमुळे पहिल्या अणुविद्युत केंद्रासाठी या जागेची निवड झाली. १९६० साली जागतिक निविदा मागविण्यात आल्या.

त्रिस्तरीय कार्यक्रमानुसार पहिली केंद्रे नैसर्गिक युरेनियमवर चालणारी असावयास हवी होती. निवड मात्र अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या उकळत्या पाण्याच्या दोन अणुभट्ट्यांची झाली. त्यांना समृद्ध युरेनियम लागते आणि ते भारतात तयार होत नव्हते. ही निविदा स्वस्त होती, अमेरिकेने सवलतीच्या व्याजाचे दीर्घ मुदतीचे कर्ज देऊ केले होते आणि केंद्र लवकर उभे राहणार होते. भारतासारख्या देशातही अणुवीज परवडते, हे प्रत्यक्ष दाखविणे भाभांना निकडीचे वाटत होते. १९६३ साली झालेल्या भारत-अमेरिका करारानुसार अमेरिकेने तीस वर्षे इंधन पुरविण्याचे मान्य केले. भारताने या केंद्राच्या तपासणीस संमती दिली.

अशा प्रकारे आयात इंधनापासून मुक्त होण्यासाठी आखलेल्या कार्यक्रमाचे पहिले केंद्र आयात इंधनावर उभे राहिले. ही तडजोड तात्पुरती असून मूळ दिशा बदललेली नाही, अशी भाभांची भूमिका होती. त्याच सुमारास नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी वापरणाऱ्या राजस्थानातील केंद्रासाठी त्यांनी कॅनडाशी करार घडवून आणला.

टीका आणि मतभेद

भाभांच्या योजनेवर त्यांच्या हयातीतच टीका झाली. मेघनाद साहा यांना विद्यापीठांचा आणि उद्योगांचा पाया भक्कम करण्याआधी अणुऊर्जेचे केंद्रित खाते उभारणे मान्य नव्हते. खात्याच्या कारभारातील गुप्ततेवरही त्यांनी लोकसभेत आक्षेप घेतले. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ इयान लिटल यांनी १९५८ साली मुंबईच्या इकॉनॉमिक वीकली या साप्ताहिकात भाभांच्या खर्चाच्या हिशेबाला आव्हान दिले. अणुविद्युत केंद्राचा बहुतेक खर्च उभारणीच्या वेळीच करावा लागतो. भांडवलाची टंचाई असलेल्या देशात त्यावरील व्याज वास्तव दराने धरल्यास कोळशाची वीज स्वस्त पडते, असा त्यांचा मुद्दा होता.

सर्वांत वेगळी टीका घरातूनच झाली. टाटा संस्थेत भाभांच्या निमंत्रणावरून आलेले गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६० च्या सुमारास भारतासाठी अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेचा जाहीर पुरस्कार केला. वर्षाचा मोठा भाग स्वच्छ ऊन असलेल्या देशाने विखुरलेल्या खेड्यांसाठी सूर्यप्रकाशाचाच उपयोग करावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९६२ साली त्यांची संस्थेतील नेमणूक पुढे चालू ठेवण्यात आली नाही.

अण्वस्त्रांचा प्रश्न

ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने अणुस्फोट केल्यानंतर भारताच्या अणुकार्यक्रमाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. त्याच महिन्यात आकाशवाणीवरील भाषणात भाभांनी जागतिक निःशस्त्रीकरणाचा पुरस्कार केला आणि त्याचबरोबर अणुस्फोटाचा खर्च तुलनेने अल्प असल्याचे आकडेही सांगितले. वीजनिर्मितीसाठी उभारलेली तंत्रविद्या शस्त्रनिर्मितीसही उपयोगी पडते, ही बाब यामुळे सार्वजनिक चर्चेत आली. पुढे १९७४ च्या पोखरण चाचणीत सायरस अणुभट्टीतील प्लुटोनियम वापरले गेले.

व्यक्तिमत्त्व

भाभा उत्तम चित्रकार होते. पाश्चात्त्य अभिजात संगीत, वास्तुरचना आणि उद्याने यांचे ते जाणकार होते. टाटा संस्थेसाठी त्यांनी समकालीन भारतीय चित्रकारांच्या कलाकृतींचा मोठा संग्रह केला. तेथील भित्तिचित्र मकबूल फिदा हुसेन यांचे आहे. माणसांची पारख करून त्यांच्याभोवती संस्था उभारणे ही त्यांची कार्यपद्धती होती. भारताच्या अवकाश संशोधनाचा प्रारंभही १९६२ साली त्यांच्याच विभागाच्या आश्रयाने विक्रम साराभाई यांच्या नेतृत्वाखाली झाला. ते अविवाहित राहिले. १९५४ साली त्यांना पद्मभूषण हा किताब देण्यात आला.

मृत्यू

२४ जानेवारी १९६६ रोजी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या व्हिएन्ना येथील बैठकीस जात असताना एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान जिनिव्हाजवळ माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. भाभांसह विमानातील सर्व ११७ जणांचा मृत्यू झाला. विमानाच्या नेमक्या स्थानाविषयी वैमानिक व नियंत्रण कक्ष यांच्यात झालेला गैरसमज हे अपघाताचे कारण असल्याचा निष्कर्ष फ्रेंच चौकशीत काढण्यात आला. घातपाताचे तर्क नंतरही केले गेले. त्यांना पुष्टी मिळालेली नाही. त्याच दिवशी इंदिरा गांधी यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. १२ जानेवारी १९६७ रोजी ट्रॉम्बेच्या संस्थेला भाभांचे नाव देण्यात आले.

भाभांनंतर

तारापूर केंद्रातून ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीजपुरवठा सुरू झाला. महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांना ही वीज मिळू लागली. परंतु १९७४ च्या चाचणीनंतर अमेरिकेने इंधनपुरवठ्यावर बंधने आणली आणि १९७८ च्या अमेरिकी कायद्यानंतर तो जवळजवळ थांबला. १९८२ साली फ्रान्सने ही जबाबदारी स्वीकारली. पुढे चीन आणि रशिया यांच्याकडूनही इंधन घ्यावे लागले. राजस्थानच्या प्रकल्पातून कॅनडाने अंग काढून घेतल्यावर तेथील दुसरी अणुभट्टी भारतीय अभियंत्यांनी पूर्ण केली.

तेलाची स्थितीही भाभांच्या पश्चात पालटली. १९७३ साली तेलाच्या किमती भडकल्या. पुढच्याच वर्षी मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात ‘बॉम्बे हाय’ क्षेत्रात तेल सापडले. १९७६ साली त्याच समुद्रात मोठे वायुक्षेत्र सापडले. वसईच्या जुन्या इंग्रजी नावावरून त्याला ‘बसीन’ हे नाव मिळाले. तरीही देशाची तेलाची आयात वाढतच गेली. अणुविद्युत केंद्रे कोळशाला पर्याय देऊ शकतात. वाहनांना लागणारे पेट्रोल आणि डिझेल यांना नव्हे. वाहतूक मुख्यतः तेलावर चालत असेतोवर अणुविजेने तेलाची आयात फारशी घटणे शक्य नव्हते.

तारापूर येथे २००५ आणि २००६ साली प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या दोन नव्या अणुभट्ट्या सुरू झाल्या. नैसर्गिक युरेनियम व जड पाणी वापरणाऱ्या आणि भारतात आराखडा तयार झालेल्या या अणुभट्ट्या भाभांच्या पहिल्या टप्प्याशी सुसंगत आहेत. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना विस्थापित व्हावे लागले व पुनर्वसनाचा प्रश्न दीर्घकाळ गाजला. मूळच्या दोन अणुभट्ट्या सुमारे पन्नास वर्षे चालल्यानंतर २०२० साली मोठ्या नूतनीकरणासाठी बंद करण्यात आल्या.

मूल्यमापन

भाभांच्या अंदाजानुसार १९८७ पर्यंत देशाची अणुविद्युत क्षमता २०,००० मेगावॅटच्या पुढे जावयास हवी होती. प्रत्यक्षात ती हजार-बाराशे मेगावॅटच्या आसपास होती. देशाच्या एकूण विजेतील अणुविजेचा वाटा आजही सुमारे तीन टक्के आहे. दुसऱ्या टप्प्यातील ५०० मेगावॅटच्या प्रजनक अणुभट्टीचे काम कल्पाक्कम येथे २००४ साली सुरू झाले आणि तिचा गाभा भरण्यास (कोअर लोडिंग) मार्च २०२४ मध्ये प्रारंभ झाला. थोरियमचा तिसरा टप्पा अद्याप प्रायोगिक स्वरूपाचा आहे.

वीजनिर्मितीच्या आकड्यांपुरते पाहिल्यास भाभांची योजना अपुरी ठरली. मात्र परदेशी पुरवठा थांबल्यावरही कार्यक्रम बंद पडला नाही. त्याचे मुख्य कारण भाभांनी प्रशिक्षित केलेले मनुष्यबळ आणि इंधनापासून जड पाण्यापर्यंत सारे देशातच तयार करण्याचा त्यांचा आग्रह हे मानले जाते. ऊर्जेचे नियोजन पंचवार्षिक योजनेच्या मुदतीत न करता पुढील अनेक पिढ्यांची गरज आणि देशातील खनिजांचे साठे यांची सांगड घालून करावे, ही पद्धत भारतात प्रथम त्यांनी राबविली. तारापूरच्या अनुभवातून तिची मर्यादाही दिसून आली. इंधन बदलले तरी ते बाहेरून येत असेल, तर परावलंबन संपत नाही. त्याचे केवळ स्वरूप बदलते.